सुताएवढा आवाज

मध्यंतरात चहाच्या रांगेत पुढे उभे असलेले गृहस्थ मागे वळून मला म्हणाले, "गाते बरी. पण एकदा कॅलास ऐकल्यावर हे काय ऐकायचं?"

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकांचे, प्रयोग पडद्यावर दाखवतात, तिथली ही गोष्ट. गृहस्थ साठीच्या आसपासचे. कॅलास म्हणजे ऑपेरा गायिका मारिया कॅलास. ती शेवटचा ऑपेरा गायली ती १९६५ साली, म्हणजे तेव्हा हे पाळण्यात असणार. 'ऐकल्यावर' म्हणजे रेकॉर्डवर ऐकल्यावर. मीही तिला तशीच ऐकलेली, त्यामुळे उलट बोलायला तोंड नव्हतं. पण वाक्य ओळखीचं वाटलं. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात संगीत नाटकाच्या मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत, हेच वाक्य वर्षानुवर्षं कानावर पडतंय. तिथे कॅलासच्या जागी बालगंधर्व असतात, आणि बोलणाऱ्याने त्यांनाही पाहिलेलं नसतं.

या वाक्यामागे प्रेम असतं, हे कबूल. पण प्रेम नक्की कशावर? आवाजावर, की त्या आवाजातून जे काम झालं त्यावर? दोन्ही एकच, असं आपण धरून चालतो आणि तिथेच सगळा घोळ होतो. आवाज माणसाबरोबर जातो. काम मागे राहू शकतं, पण दुसऱ्या कुणीतरी ते हातात घेतलं तरच. मोठा गायक गेल्यावर त्याच्यावरच्या प्रेमाचं आपण काय करायचं, हा प्रश्न आता नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही. त्यात पैसा आहे, तंत्रज्ञान आहे, कोर्टकज्जे आहेत. आणि कॅलासच्या बाबतीत तर मूर्ती एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला, असं झालंय.

आधी मूर्ती. २०१८ साली एका अमेरिकन कंपनीने कॅलासला पुन्हा रंगमंचावर आणलं, होलोग्राम करून. मागे खराखुरा वाद्यवृंद, त्याला हाताने इशारे देणारी खरीखुरी कंडक्टर, आणि पुढे प्रकाशाची बनवलेली कॅलास. आवाज तिचाच, जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचलून धुऊनपुसून घेतलेला. ती हात पसरते, मान लववते, टाळ्यांना दाद देते. १९७७ साली पॅरिसमध्ये गेलेली बाई! २०२३ तिच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी अथेन्समध्ये तिच्या नावाचं संग्रहालय उघडलं. २०२४ साली अँजेलिना जोलीने तिचे अखेरचे दिवस पडद्यावर रंगवले. संग्रहालयाबद्दल माझी तक्रार नाही, सिनेमाबद्दलही फारशी नाही. होलोग्रामबद्दल आहे. पण तिथे नंतर येतो.

आता काम. कॅलास जन्मली न्यूयॉर्कमध्ये, १९२३च्या डिसेंबरात. आईवडील ग्रीसहून आलेले. लांबलचक ग्रीक आडनाव कापून वडिलांनी त्याचं कॅलास केलं. १९३७ साली आई तिला घेऊन अथेन्सला परतली. तिथे एल्विरा दे हिदाल्गो या स्पॅनिश गायिकेकडे तिची खरी तालीम झाली. आपला तास संपला तरी ही मुलगी घरी जायची नाही. दिवसभर वर्गात बसून इतरांचे धडे ऐकायची. घरात आईशी पटत नव्हतं हेही एक कारण असावं, पण त्या बसण्याचा फायदा असा झाला की जड आवाजाच्या आणि हलक्या आवाजाच्या, दोन्ही प्रकारच्या मुलींच्या चिजा तिच्या कानावरून गेल्या.

याचा हिशेब १९४९च्या जानेवारीत लागला. व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात ती जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डे गात होती. ही युद्धकन्येची भूमिका, प्रचंड वाद्यवृंदावर मात करणाऱ्या पोलादी आवाजाची. त्याच थिएटरात पुढे इटालियन संगीतकार बेल्लिनीचा 'इ पुरितानी' लागलेला, आणि त्यातली नायिका गाणारी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, आजारी पडली. कंडक्टर तुल्लिओ सेराफिन यांनी कॅलासला सांगितलं, तू गा. सहाएक दिवसांत तिने ती भूमिका पाठ केली, तीही मधल्या संध्याकाळी ब्रुनहिल्डे गात असताना. ऑपेराबाहेरच्या माणसाला यातला अचंबा सहज कळणार नाही. सोमवारी पखवाजावर धमार गाणाऱ्याने शनिवारी ठुमरीची मैफल मारून न्यावी, तसलं काहीतरी ते होतं.

पण मला महत्त्वाची वाटते ती कसरत नव्हे. तिच्यामुळे जे उघडं पडलं, ते. रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती यांची एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली गायकी, जिला बेल कांतो म्हणतात, ती तोवर पाखरासारख्या हलक्या, चपळ आवाजांच्या ताब्यात गेली होती. चालू होते ते दोन-चारच ऑपेरा, तेही नायिकेला तानांची आतषबाजी करायला जागा मिळते म्हणून टिकलेले. बाकीचे कपाटात. व्हेर्दी आणि वाग्नर आल्यावर या जुन्या मंडळींचं गाणं म्हणजे नुसती नक्षी, असं समजदारांचं मत पडलेलं. ब्रुनहिल्डेचं वजन पेलणाऱ्या आवाजाने तीच नक्षी गायला घेतली तेव्हा ऐकणाऱ्यांच्या ध्यानात आलं की ही नक्षी नाहीच. ही तान म्हणजे या बाईचा संताप आहे, ही उतरती सरगम म्हणजे तिचं कोसळणं आहे. दोनिझेत्तीने ते तसंच लिहिलं होतं. वाचायचं राहून गेलं होतं.

त्यानंतरचा पुरावा आकड्यांत मिळतो. दोनिझेत्तीचा 'आन्ना बोलेना' पहिल्यांदा झाला मिलानमध्ये १८३० साली. पुढे तो जवळपास विस्मरणात गेला. १९५७ साली मिलानच्याच ला स्काला या ऑपेरागृहात लुकिनो व्हिस्कोंतीच्या दिग्दर्शनाखाली कॅलास त्यात उभी राहिली आणि ऑपेरा जिवंत झाला. मेट्रोपॉलिटनला तो करायला २०११ उजाडलं. केरुबिनीचा 'मेदेआ' १७९७चा. कॅलासने तो १९५३ साली फ्लॉरेन्समध्ये गाऊन जगापुढे आणला, आणि मेट्रोपॉलिटनने तो पहिल्यांदा केला २०२२ साली. रोस्सिनीचा 'आर्मिदा', बेल्लिनीचा 'इल पिराता', अशी आणखी नावं घेता येतील. पाठोपाठ जोन सदरलँड आली, मोन्सेरात काबाये आली, लेला गेंजेर, बेव्हर्ली सिल्स आल्या, आणि प्रत्येकीने त्या कपाटातून आणखी काही बाहेर काढलं. आता पेझारो या रोस्सिनीच्या गावी दर उन्हाळ्यात त्याच्या ऑपेरांचा महोत्सव भरतो, तोही १९८०पासून. सगळं श्रेय एकट्या कॅलासला देणं बावळटपणाचं होईल. हस्तलिखितं धुंडाळणारे, पाठ शुद्ध करणारे अभ्यासक होते, सेराफिनसारखे जुने जाणते कंडक्टर होते. पण त्या अभ्यासकांच्या कागदाला गळा देणारी पहिली तीच.

कलेतला प्रभाव म्हणजे मी हे समजतो. तिच्यामुळे इतरांना काय गाता आलं, हा त्याचा हिशेब. तिच्यासारखं कोण गाऊ शकलं, हा नव्हे.

आणि तिच्यासारखं गाणं ही तर मोठी धोक्याची गोष्ट, कारण तिचा आवाज रूढ अर्थाने सुंदर नव्हता. हे तिचे भक्तही खासगीत मान्य करतात. खालचा, मधला, वरचा असे तीन तुकडे जोडल्यासारखा. मध्ये सांधा दिसतो. वरच्या स्वरांवर हेलकावा येतो, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो हेलकावा इतका वाढला की कानाला बोचतो. तिच्याच काळातली रेनाता तेबाल्दी घ्या: आवाज कसा, साय धरलेल्या दुधासारखा. मिलानमध्ये दोघींचे गट पडले होते आणि एकमेकींच्या प्रयोगात आरडाओरडा करायला लोक तिकिटं काढून येत. निव्वळ आवाजाची स्पर्धा असती तर तेबाल्दी जिंकली असती, असं माझं मत. कॅलासप्रेमींनी रागावू नये.

मग कॅलासमध्ये ऐकायचं काय? एकच जागा सांगतो. व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'च्या शेवटच्या अंकात व्हायोलेत्ता क्षयाने मरायला टेकली आहे. प्रियकराच्या वडिलांचं पत्र ती वाचते. हे वाचन गायचं नसतं, बोलायचं असतं. पत्रात माफी आहे, मुलगा परत येतोय असं आहे. पत्र ठेवून ती म्हणते, उशीर झाला. मग निरोपाचं गाणं सुरू होतं, आणि त्या गाण्याचा अगदी शेवटचा स्वर वरचा आहे, एकटा आहे, आणि त्यावर व्हेर्दीने इटालियनमध्ये लिहून ठेवलंय: उन फिल दि वोचे. सुताएवढा आवाज.

बहुतेक गायिका इथे छान, गोल, हळू स्वर लावतात. सुरक्षित असतो. खरं तर सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे व्हेर्दीचं न ऐकता थोडा जोरात लावायचा. श्वासाचा आधार मिळतो, स्वर टिकतो, टाळ्याही येतात. कॅलासची प्रत्यक्ष प्रयोगांची ध्वनिमुद्रणं ऐका, १९५८च्या लिस्बनच्या प्रयोगाचं सहज मिळतं. ती तो स्वर सुताएवढाच लावते. तो कापतो, कडेने विरतो, आता तुटला असं वाटून आपला श्वास अडकतो. विरोधक म्हणाले, तिला तो धरता येत नव्हता. भक्त म्हणाले, ती मुद्दाम तसं करत होती. मला दोन्ही खरं वाटतं. तिचा आवाज तिथे दगा देऊ शकतो हे तिला ठाऊक होतं, आणि तरी तिने सोपी वाट घेतली नाही, कारण कागदावर सुताएवढा असं लिहिलं होतं. मरणाऱ्या बाईचा आवाज सुरक्षित कसा असेल?

ही जी कागदाशी बांधिलकी आहे ती शिकता येते, शिकवता येते. कापरा स्वर शिकता येत नाही. इथेच पुढच्या पिढीतल्या काहीजणी फसल्या. एलेना सूलिओतीस ही अथेन्समध्येच जन्मलेली सोप्रानो. १९६५ साली, बाविसाव्या वर्षी, तिने व्हेर्दीच्या 'नाबुक्को'तल्या आबिगाइल्लेची भूमिका ध्वनिमुद्रित केली. आवाज चिरडून टाकणारी भूमिका. तीच खालच्या स्वरांची धार, तोच आवेश, शिवाय ग्रीक! झालं, दुसरी कॅलास सापडली म्हणून डंका पिटला गेला. तिशीच्या आसपास आवाजाच्या चिंध्या झालेल्या. तिला कॅलास व्हायचं होतं की लोकांनी तिला व्हायला लावलं, तीच जाणे. पुढे हंगेरीच्या सिल्व्हिया शॉशच्या गळ्यातही हीच माळ पडली आणि तिचंही पुढे काही फार निराळं झालं नाही.

याउलट १९५२च्या नोव्हेंबरातली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहातली एक रात्र घ्या. कॅलास बेल्लिनीचा 'नोर्मा' गातेय, आणि नोर्माची दासी क्लोतिल्दे म्हणून शेजारी उभी आहे सव्वीस वर्षांची ऑस्ट्रेलियन मुलगी, जोन सदरलँड. चार ओळींची भूमिका. हाताच्या अंतरावरून तिने ते सगळं ऐकलं. सात वर्षांनी त्याच थिएटरात, त्याच सेराफिनच्या हाताखाली तिने दोनिझेत्तीची लुचिया गायली आणि जगप्रसिद्ध झाली. तिच्यात कॅलासचं काय होतं? ऐकायला गेलं तर काहीच नाही. आवाज एकसंध, मोठा, चांदीसारखा, तान स्फटिकासारखी, शब्द मात्र ढगात. कॅलासचे शब्द कट्यारीसारखे, हिचे कळायचेही नाहीत. पण जो दरवाजा कॅलासने उघडला त्यातून सदरलँड आत गेली आणि पुढची तीस वर्षं तिने ते दालन आपल्या पद्धतीने सजवलं. दोघींपैकी कॅलासचा वारसा कुणी चालवला? हुबेहूब वाटणाऱ्या सूलिओतीसने नक्कीच नाही.

आपल्याकडे ही गोष्ट कळलेला माणूस होऊन गेला आणि योगायोग असा की तो ऑपेरा हाऊसलाच शिकला. मुंबईकराच्या तोंडी ऑपेरा हा शब्द येतो तो बहुधा बसच्या थांब्यापुरता किंवा हिरेबाजारापुरता. त्या भागाला नाव देणारं रॉयल ऑपेरा हाऊस मधली वीसेक वर्षं बंदच होतं, २०१६ला पुन्हा उघडलं. एके काळी त्याच रंगमंचावर बालगंधर्वांचेही प्रयोग झाले. त्याच्या जवळच प्रोफेसर देवधरांची संगीतशाळा, आणि तिथे आलेला बेळगावकडचा मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. लहानपणी त्याची ख्याती कशाबद्दल होती? मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवण्याबद्दल. त्या नकलेवर सबंध आयुष्य आरामात निघालं असतं. त्याऐवजी कुमारांनी ती मोडीत काढली, आणि पुढे बालगंधर्वांची पदं घेऊन कार्यक्रम केला तेव्हा त्याला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' या एका शब्दात माझा अर्धा लेख आला. गंधर्वांचा आवाज काढणारे तेव्हा पैशाला पासरी होते. कुमारांनी त्यांची लय कुठे वळते, शब्द कुठे उचलला जातो, ते शोधलं आणि आपल्या गळ्याने मांडलं. जुने गंधर्वभक्त तेव्हाही कुरकुरले असणारच.

कॅलासची मूर्ती आणखी एका मातीची आहे, ती म्हणजे तिच्या आयुष्याची. स्वतःचं सांगतो. मला तिचं नाव पहिल्यांदा कळलं ते एका रविवारच्या पुरवणीत, आणि त्या लेखात गाण्याबद्दल दोन ओळी होत्या. बाकी सगळं ओनासिस. जहाजमालक ओनासिस, १९५९ साली त्याच्या बोटीवरची सफर, पाहुण्यांत चर्चिल, तिथून मोडलेलं लग्न, मग १९६८ साली त्याने जॅकलीन केनेडीशी केलेलं लग्न आणि एकाकी कॅलास. तिने तीस-पस्तीस किलो वजन कसं उतरवलं तेही होतं. तो वाचून मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून तिची पहिली सीडी आणली, हे मान्य करायला हवं. म्हणजे गॉसिपने मला दारापर्यंत आणलं. पण दारातच थांबवूनही ठेवलं होतं: पुढची दोनेक वर्षं मी प्रत्येक गाण्यात ओनासिस ऐकत होतो. १९५३ सालचं तिचं 'तोस्का'चं ध्वनिमुद्रण, जे आजही त्या ऑपेराचं शिखर मानतात, ते ऐकतानाही मला वाटे, किती भोगलंय बाईने! १९५३ला ओनासिस कुठे होता? लग्नाचा नवरा मेनेगिनी शाबूत होता आणि बाई कारकिर्दीच्या ऐन भरात होती. मी जे दुःख ऐकत होतो ते पुचिनीने लिहिलेलं आणि तिने मेहनतीने बसवलेलं होतं.

बाईच्या कलेला तिच्या भोगाचा हिशेब जोडायची ही सवय फार जुनी. पुरुष गायक मोठा असला की त्याचा रियाज सांगतात. बाई मोठी असली की तिला काय काय सोसावं लागलं ते सांगतात. जानेवारी १९५८मध्ये रोमला राष्ट्राध्यक्षांसमोर 'नोर्मा' चालू असताना आवाज बसल्यामुळे ती पहिल्या अंकानंतर परत आली नाही. केवढा गहजब! लहरी, उर्मट, नखरेल. बदली गायिका तयार ठेवण्याची जबाबदारी थिएटरची होती हे कुणी विचारात घेतलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे निकाल तिच्या बाजूने लागला, तो मात्र लोकांना फारसा आठवत नाही.

आता होलोग्राम. त्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की मेलेल्या माणसाला नाचवणं बरं दिसत नाही. तो भावनेचा मुद्दा आहे, त्यात मी पडत नाही. माझा आक्षेप साधा, गाण्याचा आहे. कॅलासला दूरचं फारच कमी दिसायचं. चष्म्याविना रंगमंचावर उभी राहिली की समोरच्या खड्ड्यातला कंडक्टर तिच्यासाठी एक धूसर ठिपका. इशारा दिसणार नाही, म्हणून ती वाद्यवृंदाचा स्वरन् स्वर पाठ करून यायची आणि मग ऐकत राहायची: बासरीवाल्याने आज श्वास जरा लवकर घेतला, चेलो जरासे मागे रेंगाळले, तर आपला शब्द तितकाच मागे. आता तो २०१८चा कार्यक्रम आठवा. त्यात आवाज ठरलेला आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी स्टुडिओत गोठलेला. जिवंत वादकांनी, जिवंत कंडक्टरने त्या गोठलेल्या आवाजामागे धावायचं. अर्धवट आंधळी असूनही जी सगळ्यांचं ऐकायची, तिला तंत्रज्ञानाने बहिरी करून उभी केली. आणि तो सुताएवढा स्वर? तो होलोग्रामच्या गळ्यात कधीच तुटणार नाही. रोज रात्री तितकाच कापेल, तितक्याच ठिकाणी. ज्या स्वरात जोखीम नाही तो कॅलासचा कसा म्हणायचा?

हे अमेरिकेतलं खूळ म्हणून सोडून द्यावं, तर आपण आता त्याच्याही पुढे गेलो आहोत. २०२४च्या सुरुवातीला ए. आर. रहमान यांनी एका तमिळ चित्रपटगीतात दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेऊन, मोबदला देऊन. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. व्हॉट्सॲपवर तर रोज कुणीतरी गेलेला गायक नवं गाणं गातो आणि खाली अंगठे उठतात. कायद्याचा प्रश्न परवानगीचा आहे आणि तो कायदा सोडवेल. जिवंत गायकाच्या पोटावर पाय येऊ नये, हेही रास्त. पण समजा सगळ्या परवानग्या आहेत, सगळ्यांना पैसे मिळालेत. तरी त्या यंत्राला माहीत काय असतं? आवाजाचा पोत. त्या माणसाने तो शब्द तसा का टाकला, हे त्याला ठाऊक नसतं. तो पुढच्या गाण्यात निराळा टाकला असता, हे तर अजिबातच नाही. यंत्राकडून जे मिळतं ती सूलिओतीसच आहे, फक्त तिचा गळा खराब होत नाही.

यावर एक उत्तर असं येतं, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही: तरुण श्रोत्याला पहिल्यांदा ओढायला काहीतरी हवं ना? मलाही ओनासिसने ओढलं होतंच. मान्य. पण रविवारची पुरवणी मला सीडीच्या दुकानात पाठवू शकली कारण ती स्वतः गाण्याचा दावा करत नव्हती. होलोग्राम म्हणतो, दुकानात जाऊच नकोस, हीच कॅलास. आणि तिकिटाचे पैसे मर्यादित असतात. ज्या संध्याकाळी सभागृहात प्रकाशाची बाई उभी असते त्या संध्याकाळी तिथे कुणी बावीस वर्षांची खरी मुलगी उभी नसते. चहाच्या रांगेतले गृहस्थ आणि होलोग्रामवाली कंपनी यांचं या बाबतीत एकमत आहे. दोघांनाही जिवंत गायिका नको आहे.

मग प्रेम कशावर खर्चावं? कपाटात अजून पुष्कळ आहे. दोनिझेत्तीने साठाहून अधिक ऑपेरा लिहिले, त्यातले नियमाने होतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॅलासच्या नावाने एखाद्या थिएटराने दर वर्षी त्यातला एक काढावा आणि नवख्या गायिकेला द्यावा. पडला तर पडला. हे स्मारक मला पटेल. आपल्याकडे संगीत नाटकांच्या संहिता पडून आहेत, त्यातली जेमतेम सात-आठ आपण पुन्हा पुन्हा उगाळतो. तिथेही हेच म्हणतो.

कॅलासचं मन याबाबत काय होतं, त्याची टेप आहे. ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ या काळात तिने न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संगीतशाळेत वर्ग घेतले. ऑपेरा सोडून सहा वर्षं झालेली, आवाज उतरलेला. या वर्गांवर पुढे एक नाटक आलं, गाजलं. त्यातली कॅलास विद्यार्थ्यांना फाडून खाते आणि मध्येच स्वतःच्या आठवणींत बुडते. खऱ्या टेपा ऐकल्या की हसू येतं, कारण त्यात नाट्य काहीच नाही. एक बाई शांतपणे, नेटाने काम करतेय. इथे श्वास घेऊ नका. हा शब्द पुरा म्हणा. इथे जे लिहिलंय तेच गा. ओनासिस नाही, रोम नाही, तेबाल्दी नाही. शेवटच्या दिवशी तिने मुलांना सांगितलं त्याचा आशय असा की मी पुढे गाईन न गाईन, त्याने काही बिघडत नाही. तुम्ही नीट गा, सोप्या टाळ्यांमागे जाऊ नका, तेवढे आभार मला पुरेत.

त्यातली एक टेप मी वरचेवर ऐकतो. एक तरुण बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुष गायक, व्हेर्दीचा 'रिगोलेत्तो' घेऊन आलाय. कुबड्या विदूषकाची मुलगी दरबाऱ्यांनी पळवली आहे. तो आधी त्यांना शिव्या घालतो, मग शिव्या संपतात आणि तो त्यांच्यापुढे हात जोडतो. मुलगा चांगलं गातो. आवाज तरणाबांड, सगळे स्वर जागेवर. कॅलास त्याला थांबवते, काहीतरी समजावते, आणि मग स्वतः गाऊन दाखवते. पुरुषाची भूमिका, तिला रंगमंचावर कधीच मिळाली नसती अशी. आवाज खरखरीत, वापरून झालेला. पण शब्द पडतात तसतसा तो कुबडा समोर उभा राहतो. चार ओळी होतात न होतात तोच ती थांबते. पियानोवाला पानं मागे उलटतो, आणि मुलगा पहिल्यापासून सुरुवात करतो.